गाडी ‘ती’, मग चावी नेहमी ‘त्याच्याकडेच’ का?

मंडळी, आज एक छोटासा खेळ खेळूया. एक लाल रंगाची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार डोळ्यांसमोर आणा. भरधाव चाललीय. कोण चालवतंय? आता एक गुलाबी स्कूटी आणा. तिच्यावर कोण बसलंय?

मी फक्त गाड्या सांगितल्या होत्या. चेहरे तुम्ही बसवलेत. आणि बहुतेकांनी तेच बसवले असणार, बरोबर ना?

गंमत बघा, आपल्या मराठीत कार ‘ती’, बाईक ‘ती’, बुलेटसुद्धा ‘ती’च. पण चालवणारा मात्र आपण ‘तो’ धरून चालतो. आमच्या बेंगळुरूत यूबी सिटीच्या आसपास महागड्या गाड्या नेहमी दिसतात. अशा गाडीतून तरुण मुलगा उतरला तर लोक म्हणतात, “काय गाडी आहे!” मुलगी उतरली तर म्हणतात, “वडिलांची असेल.” जरा वयाची बाई असेल तर “नवऱ्याची असेल.” तिने ती स्वतःच्या पगारातून घेतली असेल, हे सगळ्यात शेवटी सुचतं.

याच शहरातली ऐश्वर्या पिस्से बघा. 2018 मध्ये स्पेनमधल्या शर्यतीत तिचा मोठा अपघात झाला, स्वादुपिंडाला इजा झाली. पुन्हा मोटरसायकलवर बसणं हीच मोठी गोष्ट होती. ती बसली आणि 2019 मध्ये एफआयएम बाजा वर्ल्ड कपचा महिला गटातला किताब जिंकून आली. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. पहिला भारतीय नव्हे, पहिली भारतीय!

आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादवांनी 2011 च्या महिला दिनी डेक्कन क्वीन चालवली आणि 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत आणली. आख्खी ट्रेन हाकणाऱ्या बाईला पार्किंग जमेल का, असं कोण विचारेल?

आणि मुळात मोटारीचा पहिला लांबचा प्रवास कुणी केला? बर्था बेंझ नावाच्या बाईने. 1888 मध्ये, दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता ती मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाली. सुमारे 100 किलोमीटर! वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन घेतलं औषधाच्या दुकानातून. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. म्हणजे पहिली लांबची ड्रायव्हर आणि रस्त्यातली पहिली मेकॅनिक, दोन्ही तीच.

मग ‘बायकांची गाडी’ ही कल्पना आली कुठून? बरीचशी विकणाऱ्यांकडून. 1955 मध्ये अमेरिकेत डॉज कंपनीने ‘ला फेम’ नावाची खास बायकांसाठी गाडी काढली. बाहेरून गुलाबी-पांढरी, सोबत मॅचिंग पर्स, लिपस्टिक, रेनकोट आणि छत्री. बायकांनी काही ती डोक्यावर घेतली नाही आणि 1956 नंतर ती बंदच झाली. त्यांना गाडी हवी होती हो, लिपस्टिक तर घरी होतीच!

या शिक्क्याचा त्रास पुरुषांनाही होतो बरं का. माझदाची एमएक्स-5 ही छोटी, छान वळणारी स्पोर्ट्स कार. परदेशात तिला ‘बायकांची गाडी’ म्हणून हिणवलं गेलं, म्हणजे आवडली तरी पुरुषाने घ्यायची नाही! तरीही 2016 पर्यंत तशा 10 लाख गाड्या तयार झाल्या होत्या. आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडीचं तेच झालं. “गिअर नाही? मग ती लेडीज गाडी.” आता सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबून पाय दुखला की भलेभले पुरुष ऑटोमॅटिकची चौकशी करतात. गुडघ्याला कुठे कळतं तो बाईचा की पुरुषाचा?

लायसन्सवरही बघा. गिअरची दुचाकी, बिनगिअरची दुचाकी, हलकं वाहन असे प्रकार असतात. ‘बायकांची गाडी’ असा प्रकार कायद्यात नाही. तो आपल्या घरात आहे.

घरात कसा, ते सांगते. मुलाला अठरावं लागलं की बाबा रिकाम्या मैदानात गाडी शिकवायला नेतात. मुलीला म्हणतात, “तुला कशाला, आम्ही सोडतो ना.” सुनेकडे लायसन्स असतं, पण ते कपाटात. मग रात्री दोन वाजता सासूबाईंच्या छातीत दुखतं, मुलगा टूरवर असतो, आणि दारात उभी असलेली गाडी चालवणारं घरात कुणी नसतं. स्पोर्ट्स कार राहू द्या, प्रश्न इतका साधा आणि इतका मोठा आहे.

सवय गाडी चालवूनच लागते. म्हणून या रविवारी एवढंच करा. बाहेर जाताना चावी आईच्या, बायकोच्या, बहिणीच्या किंवा लेकीच्या हातात द्या. आणि शेजारी बसून “ब्रेक! ब्रेक!” ओरडू नका. मैत्रिणींनो, तुम्हीही “नको, तुम्हीच चालवा” म्हणू नका.

तुमच्या घरात गाडीची चावी कुणाच्या खिळ्याला टांगलेली असते? नक्की सांगा हं!