शाळेपुढचा रस्ता आधी शाळेचा

महापालिका हद्दीत मोटारीने ताशी 70 किलोमीटरपर्यंत आणि दुचाकीने 60 पर्यंत धावायला मुभा आहे. कुणा बेदरकार चालकाने सांगितलेली ही गोष्ट नाही, केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेतली आहे. ही मर्यादा खाली आणायचा अधिकार राज्याला आणि स्थानिक यंत्रणांना आहे. मात्र जिथे तो वापरलाच जात नाही, साधा फलकही लागत नाही, तिथे शाळा असलेला रस्ता आणि नसलेला रस्ता कायद्याच्या लेखी सारखेच.

पुण्यात सकाळी सातच्या सुमारास एखाद्या मोठ्या शाळेसमोर दहा मिनिटे उभे राहावे. पदपथ असतो, नाही असे नाही. पण त्यावर विजेचा डीपी, पुढे पोह्यांची गाडी आणि त्यापुढे ओळीने लावलेल्या दुचाकी. सात-आठ वर्षांची पोरे दप्तर सांभाळत डांबरावरून चालतात. रिक्षावाले काका तिथल्या तिथे वळवून घेतात, व्हॅन मागे येत असते आणि नेमक्या त्याच वेळी बांधकामाकडे निघालेला काँक्रीट मिक्सर हॉर्न वाजवत मधून वाट काढतो. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे मागच्या डांबरीकरणात गाडले गेले, पुन्हा मारायचे राहून गेले. रबरी गतिरोधकाचे मधले तुकडे उखडलेत, उरलेत ते जमिनीत ठोकलेले खिळे. त्या फटीतून दुचाकीस्वार वेग कमी न करता सफाईने निसटतात.

यावर ठरलेले उत्तर असते : मुलांना शिस्त लावा, रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवा. शिकवावे, जरूर शिकवावे. पण गणिताला शिस्त कोण लावणार? ताशी 50 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 14 मीटर जाते, आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सेकंदभर जातोच. म्हणजे तेरा मीटरवर एखादे मूल चेंडूमागे धावत आले, तर 30 ने येणारी गाडी त्याच्या अलीकडे कशीबशी थांबते. 50 ने येणाऱ्या गाडीचा ब्रेक तोवर लागलेलाही नसतो. मूल तेच, चूक तीच. जगणे-मरणे ठरते ते वेगावर, आणि वेग ठरतो रस्त्याच्या घडणीवर. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता चालकाला ‘हाण’ म्हणतो. कडेचा ‘सावकाश, पुढे शाळा आहे’ हा गंजका फलक मग कोण वाचतो?

देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत 32 हजारांहून अधिक पायी चालणारी होती आणि साडेनऊ हजारांहून अधिक अठरा वर्षांखालची. एकट्या महाराष्ट्रात वर्षाला पंधरा हजारांवर बळी जातात. शाळा-महाविद्यालयांसारख्या संस्थांच्या प्रवेशद्वारांशी धड व्यवस्था नसल्याने वर्षाला सुमारे दहा हजार माणसे दगावतात, असे खुद्द केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितले. मंत्र्यांना ठाऊक आहे. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला मात्र अजून ‘पाहणी’ करायची असते.

पालकांनाही यातून सोडता येणार नाही. फाटकासमोरची निम्मी गर्दी त्यांच्याच गाड्यांची. रस्ता धोक्याचा म्हणून मुलाला गाडीवर घालून आणायचे, आणि त्या गाडीने उलट्या दिशेने घुसून दुसऱ्याच्या मुलासाठी रस्ता आणखी धोक्याचा करायचा, असा हा फेरा आहे. रस्ता सुधारल्याशिवाय तो तुटणार नाही. आज मुलाला एकटे चालत पाठवा, असे कुठल्या तोंडाने सांगायचे?

हा फेरा एका देशाने तोडून दाखवला आहे. सायकलींचा देश म्हणून नेदरलँडचे कौतुक होते, पण 1971 साली तिथे रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. शाळेत जाताना गाडीखाली आलेल्या एका मुलीचे वडील, फिक लांगेनहॉफ, पत्रकार होते. त्यांनी 1972 मध्ये लेख लिहिला. त्याचे शीर्षकच होते ‘मुलांची हत्या थांबवा’. त्याच नावाने चळवळ उभी राहिली. आईबाप पोरांसह रस्त्यात बसले, रस्ते अडवले. गाड्यांनी माणसाच्या चालीने जायचे अशा निवासी गल्ल्यांना 1976 मध्ये कायद्याची मान्यता मिळाली. 2023 साली त्या देशात रस्त्यांवर 684 मृत्यू झाले. डच मुले काही जन्मतः शिस्तीची नव्हती; रस्ते बदलले.

आपल्याकडे हे होणार नाही, म्हणणाऱ्यांनी भायखळ्याला जावे. मिर्झा गालिब मार्गावर ख्राइस्ट चर्च शाळेसमोर मुंबई महापालिकेने डब्ल्यूआरआय इंडिया या संस्थेबरोबर हा प्रयोग केला : मुलांसाठी चालण्याची वेगळी जागा, रंगवलेला रस्ता, ठळक क्रॉसिंग. आधी तात्पुरते अडथळे लावून पाहायचे आणि जमले तर पक्के करायचे, अशी ही स्वस्तातली रीत आहे. पुण्याकडेही कागद कमी नाहीत. महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो, फोटोही छान येतात. 12 डिसेंबरला शाळा भरतेच.

आम्हा रहिवाशांचे मागणे काही आकाशातले नाही. शाळेच्या दोन्ही बाजूंना दीडशे मीटर, म्हणजे एकूण तीनशे मीटरांत ताशी 25 ची मर्यादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 खाली ती लावता येते. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी डंपर, मिक्सर आणि टँकरना बंदी; त्यासाठी कलम 115 आहे. फाटकासमोर पदपथाच्या उंचीचे क्रॉसिंग. आणि गतिरोधक हवा तर तो प्रमाणात : भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, ज्यावरून 25 च्या वेगाने गाडी विनाधक्का जाते. रातोरात ओतलेला, गरोदर बाईचा आणि म्हाताऱ्याचा मणका मोडणारा डांबराचा उंचवटा कुणीच मागितलेला नाही.

‘वाहतूक तुंबेल,’ हा आक्षेप येणारच. तीनशे मीटर 50 ऐवजी 25 ने कापायला बावीस सेकंद जास्त लागतात. एवढा वेळ पुणेकर सिग्नलला पुढच्याच्या नंबर प्लेटवर टीका करण्यात घालवतो.

टोलवाटोलवी तेवढी थांबायला हवी. महापालिकेचा पथ विभाग म्हणतो, पोलिसांच्या वाहतूक शाखेचे ना-हरकत पत्र आणा. वाहतूक शाखा म्हणते, रस्ता महापालिकेचा. कायदा मात्र जबाबदारी नेमून देतो. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 198अ नुसार ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता बांधला वा राखला नाही आणि त्यातून कुणी मेले किंवा अपंग झाले, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे आधी कुणाचा तरी जीव किंवा हातपाय जावा लागतो, मग कलम जागे होते. तोवर थांबायचे का?

पालकांच्या हातात एक हत्यार आजही आहे. राज्याच्या 2011 च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि तिच्यात पालक, वाहतूक पोलीस, आरटीओ व स्थानिक प्रशासन यांचे प्रतिनिधी असतात. जे एकमेकांकडे बोट दाखवतात तेच इथे एका टेबलाभोवती बसायला बांधील आहेत. हे पत्रक वाचणाऱ्या प्रत्येक पालकाने या आठवड्यात शाळेत जाऊन विचारावे : समितीची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे? बैठक झालीच नसेल तर ती लेखी अर्ज करून मागावी, वरच्या मागण्या तिच्या विषयपत्रिकेवर घालाव्यात, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.