इंग्रजी शब्दांतील आघात

आपल्याकडे अक्षर लघु कीं गुरु हें लेखनावरून बहुधा कळतें. इंग्रजींतील आघात मात्र कानानेंच शिकावा लागतो. ‘फोटोग्राफ’ शब्दांत तो उच्चाराच्या पहिल्या अवयवावर असतो. ‘फोटोग्राफी’ म्हणतांच दुसऱ्यावर सरकतो आणि ‘फोटोग्राफिक’मध्यें तिसऱ्यावर जातो. आघात सुटला कीं स्वरहि पुसट होतो. म्हणून इंग्रजाच्या तोंडीं ‘फटॉग्रफी’ असें ऐकूं येतें. आपण सारे अवयव एकाच वजनानें उच्चारतों. व्याकरण निर्दोष असूनहि परका श्रोता गोंधळतो तो येथेंच. मुलांना एक नियम खुशाल सांगावा: शब्दाच्या शेवटीं ‘शन’ ऐकूं आल्यास आघात त्याच्या लगतच्या आधीं. ‘एज्युकेशन’मध्यें ‘के’वर, ‘एक्झॅमिनेशन’मध्यें ‘ने’वर. ओळीच्या शेवटीं शब्द तोडण्याविषयीं मात्र इंग्रजी मुद्रकांतच एकमत नाहीं. ‘नॉलेज’ हा शब्द जुने ब्रिटिश मुद्रक व्युत्पत्तीकडे पाहून ‘डब्ल्यू’नंतर तोडीत, अमेरिकन मुद्रक उच्चाराकडे पाहून ‘एल’नंतर तोडतात.