बुटाला नाव असतं, मेणबत्तीला नसतं

मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी मीडिया एथिक्सच्या तासाला अख्ख्या वर्गाला बूट काढायला लावले होते. (एसी बंद होता. तो तास कॉलेजच्या इतिहासात अजून गाजतोय.) मग म्हणाले, आता बुटाची जीभ उलटी करा आणि आतलं लेबल मोठ्यानं वाचा. व्हिएतनाम, इंडोनेशिया, चीन, पुन्हा व्हिएतनाम. बड्या ब्रँडवाल्यांच्या कॉलर आपोआप ताठ. एका पोराच्या बुटाला लेबलच नव्हतं, तो त्यानं फुटपाथवरून दीडशे रुपयांत घासाघीस करून आणला होता. सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, तुमचे बूट कुणी शिवले ते शोधता येईल. याचे येणार नाहीत.

तेव्हा मला ते सरांचं नेहमीचं फिलॉसॉफिकल वाटलं होतं. पण बॉस, स्पोर्ट्सवेअरची सगळी स्टोरी त्या एका वाक्यात आहे.

स्वेटशॉप म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच. तुटपुंजी मजुरी, सक्तीचा ओव्हरटाइम, कोंदट शेड, आणि बाहेर शोरूममध्ये झगमगाट. १९९२ मध्ये जेफ बॅलिंजर नावाच्या एका अमेरिकन कार्यकर्त्यानं 'हार्पर्स' मासिकात इंडोनेशियातल्या एका कामगार बाईची पे स्लिप छापली. मजुरी तासाला १४ सेंट. ती जो बूट बनवत होती तो अमेरिकेत ८० डॉलरला विकला जायचा. १९९६ मध्ये 'लाइफ' मासिकात पाकिस्तानातल्या सियालकोटचा एक लहानगा झळकला. मांडी घालून बसलाय, फुटबॉल शिवतोय आणि फुटबॉलवर नायकीची ती जगप्रसिद्ध 'बरोबर'ची खूण. पोरं फुटबॉल शिवतात हे काही तेव्हा नवीन नव्हतं. आपल्याकडे जालंधर-मेरठलाही शिवायची. पण खूण दिसली आणि गडबड झाली. कारण ज्या लोगोवर कंपनीनं करोडो डॉलर ओतले होते, तोच लोगो लोकांनी पोस्टरवर छापायला घेतला. कॅम्पसवर मोर्चे, दुकानांसमोर निदर्शनं. मे १९९८ मध्ये नायकीचे सर्वेसर्वा फिल नाइट यांना वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर मान्य करावं लागलं, की आपलं प्रॉडक्ट आता गुलामीच्या पगाराशी जोडलं गेलंय. २००५ मध्ये त्यांनी आपल्या सप्लायर कारखान्यांची नाव-पत्त्यांसकट यादी जाहीर केली.

याचा अर्थ तिथे आता सगळं आलबेल आहे, असा अजिबात नाही. पण भांडायला पत्ता तर मिळाला.

माझा फेव्हरिट किस्सा मात्र रसेल ॲथलेटिकचा. या कंपनीनं होंडुरासमधला, युनियन झालेला कारखाना बंद केला. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांनी काय करावं? 'मी यांचा टी-शर्ट घेणार नाही' असं म्हणत ते घरी बसले नाहीत. कॉलेजचा लोगो असलेले हजारो टी-शर्ट युनिव्हर्सिटी कुणाकडून घेते, ते त्यांनी शोधलं आणि प्रशासनाच्या मानगुटीवर बसले. जवळपास शंभर युनिव्हर्सिट्यांनी कंपनीबरोबरची काँट्रॅक्ट्स तोडली. नोव्हेंबर २००९ मध्ये रसेलनं कारखाना पुन्हा उघडायचं आणि १२०० कामगारांना परत घ्यायचं मान्य केलं. मोठी ऑर्डर देणाऱ्याची सही पोरांनी अडवली. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता होंडुरासवरून थेट निगडीला या आणि देहूच्या रस्त्याला लागा. मध्ये तळवडे लागतं. तिथे आयटी पार्क आहे, आपल्यापैकी कित्येकांच्या कंपनीची बस रोज तिथेच जाते. त्याच तळवड्यात, ज्योतिबानगरमध्ये, एका पत्र्याच्या शेडमध्ये स्पार्कल कँडल बनायच्या. त्याच हो, बर्थडेच्या केकवर लावतात त्या. पेटवली की सोनेरी कारंजं उडतं, सगळे 'वॉव' करतात, कुणीतरी व्हिडिओ काढतं आणि पुढच्या मिनिटाला ती काळी नळी डस्टबिनमध्ये. मेणबत्ती आपण नुसतं नावाला म्हणतो. आत मेण नसतं, फटाक्यासारखी दारू ठासलेली असते.

८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. दुपारी पावणेतीनच्या सुमारास त्या शेडमध्ये आग लागली. काम करणाऱ्या बहुतेक बायका. सहा जणी जागच्या जागी गेल्या. जखमींना वायसीएम आणि ससूनला हलवलं, पण भाजणं इतकं होतं की पुढच्या काही दिवसांत मृतांचा आकडा दहाच्या वर गेला. कारखाना विनापरवाना होता. सरकारनं मृतांच्या वारसांना पाच-पाच लाख जाहीर केले, गुन्हा दाखल झाला, चॅनेलवाल्यांच्या व्हॅन दोन दिवस थांबल्या आणि निघून गेल्या.

त्या आठवड्यात पुण्यात किती बर्थडे झाले असतील? आणि किती केकवर तीच कँडल असेल? मला हे गिल्ट द्यायला विचारायचं नाहीये. मला विचारायचंय की सियालकोटच्या फोटोनंतर जे झालं ते इथे का नाही झालं? बायकॉट कुणाचा करणार? पोस्टरवर लोगो कुठला छापणार?

उत्तर शोधायला मी पिंपरी कॅम्पात गेले. पार्टीच्या सामानाचं होलसेल दुकान. फुगे, मुखवटे, 'ब्राइड टू बी'चे पट्टे आणि काउंटरवर कँडलचा ढीग. चारचं पाकीट उचललं. वर सोनेरी ठिणग्यांचं चित्र, 'हॅपी बर्थडे', लहान मुलांपासून दूर ठेवा. बस्स. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, किंमतसुद्धा नाही.

'भैया, ये बनाता कौन है?'

'मॅडम, बिनधास्त ले जाओ. एक भी फुसकी नहीं निकलेगी.'

'वो नहीं, कंपनी कौनसी है?'

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कोथिंबिरीच्या जुडीची कंपनी विचारतेय. 'माल आता है,' एवढंच उत्तर.

गंमत म्हणजे कायदा आहे. २०११ च्या पॅकेज्ड कमॉडिटीज नियमांनुसार पाकिटातून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव, पत्ता, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. बघणारं खातं वैधमापनवाल्यांचं, तेच वजनकाटे तपासणारे. बिस्किटाच्या पुड्यावर आपण हे बारीक अक्षरात रोज बघतो. म्हणजे नाव नसलेलं पाकीट हे नुसतं स्वस्त नसतं, ते बेकायदा असतं. आणि ते बेकायदा आहे हे कळायला तळवड्याच्या शेडपर्यंत जावं लागत नाही. काउंटरवर उभं राहून पाकीट उलटं केलं तरी पुरतं.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई आधी चिखलीच्या बाजूला पॅकिंगच्या कामाला जायच्या. कँडलचं नाही, प्लास्टिकच्या कसल्याशा पार्टचं. मी विचारलं, कंपनीचं नाव काय होतं? म्हणाल्या, 'बोर्डच नव्हता. आम्ही पत्र्याची कंपनी म्हणायचो.' मग गेलात कशाला? 'घराजवळ होती. पोरगं शाळेतनं यायच्या टायमाला घरी येता यायचं. आणि बसून काम.' पगार हातात, सही नाही, कार्ड नाही. उद्या काही झालं असतं तर आपण कुणाकडे कामाला होतो हेच ताईंना सांगता आलं नसतं.

कायद्याचंही गणित बघा. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये विजेवर चालणारा कारखाना दहा माणसांपासून 'कारखाना' ठरायचा, विजेशिवाय चालणारा विसांपासून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या लेबर कोडमध्ये हेच आकडे वीस आणि चाळीस झालेत. धोकादायक कामांसाठी सरकारला अपवाद करता येतो, मान्य. पण त्यासाठी असं काम कुठेतरी चाललंय हे आधी कुणाला तरी कळायला हवं ना! ते पत्र्यामागे असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं चिखली-कुदळवाडीतली हजारो अनधिकृत बांधकामं जेसीबी लावून पाडली. तिथल्या शेडमधलं काम हवेत विरलं असेल असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत. ते जरा पुढच्या गावात, जरा मागच्या गल्लीत गेलं असणार.

बरं, मग नाव असलं की सगळं सुटतं का? तर तेही नाही. त्यासाठी तुमची बाइक बघू.

चाकणमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या टाकीवर ठसठशीत नाव असतं. जाहिरातीत क्रिकेटर असतो. पण त्या गाडीत शेकडो छोटे-छोटे पत्र्याचे पार्ट असतात. ते मोठ्या कंपनीला एक व्हेंडर देतो, त्याला दुसरा, दुसऱ्याला भोसरीच्या गल्लीतला तिसरा. त्या तिसऱ्याकडे पॉवर प्रेस असतो. काम सोपं आहे. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, पेडल दाबायचं, प्रेस धाडकन खाली येतो, तुकडा काढायचा. पुन्हा ठेवायचा. दिवसभर. टार्गेट पुरं व्हायला हवं म्हणून हात पटापट आत-बाहेर. एकदा ठेका चुकला की बोटं आत.

यावर उपाय रॉकेट सायन्स नाहीये. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालणार नाही अशी सोय करता येते. हात आत असेल तर मशीन थांबवणारा सेन्सर मिळतो. पण सेन्सरला पैसे लागतात आणि बटणांनी स्पीड कमी होतो.

आयआयएम अहमदाबादच्या काही माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेली 'सेफ इन इंडिया' ही संस्था हरियाणातल्या मानेसरच्या ऑटो पट्ट्यात अशा जखमी कामगारांना मदत करते. २०१९ पासून ती 'क्रश्ड' नावाचा अहवाल काढते आणि नंतरच्या अहवालांत आपला महाराष्ट्रही आलाय. त्यातलं चित्र वाचून पोटात गोळा येतो. सगळ्यांत जास्त अपघात पॉवर प्रेसवर. बोटं गमावलेल्या कामगाराची सरासरी दोन बोटं जातात. आणि ईएसआयचं कार्ड, जे कामाला लागल्या लागल्या मिळायला हवं, ते बहुतेकांच्या हातात पडतं अपघातानंतर. म्हणजे बोटं गेली की कार्ड येतं. कसला भारी एचआर!

मला आवडलेला भाग हा, की ही संस्था तळातल्या शेडमालकाला शिव्या घालत बसत नाही. ती टाकीवर नाव असलेल्या कंपन्यांना विचारते, की तुमच्या तिसऱ्या पायरीवरच्या व्हेंडरसाठी तुमची लेखी सेफ्टी पॉलिसी काय? हा नायकीवालाच प्रश्न. नायकीनेही सुरुवातीला हेच म्हटलं होतं की कारखाने आमचे नाहीत. लोकांनी ते ऐकून घेतलं नाही.

सेबीच्या नियमानुसार देशातल्या सगळ्यांत मोठ्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून दरवर्षी सस्टेनेबिलिटी रिपोर्ट द्यावा लागतो. त्यात आपल्या कामगारांच्या अपघातांचे आकडे असतात. पीडीएफ फुकट डाउनलोड होते. मात्र भोसरीतल्या त्या तिसऱ्या व्हेंडरकडे गेलेली बोटं या आकड्यात शोधायला जाल तर सापडणार नाहीत. 'आम्ही ऑटो सेक्टरमध्ये एसआयपी केलीय' म्हणणाऱ्या माझ्या तमाम मित्रांनो, म्युच्युअल फंडाच्या ॲपवर ग्राफ बघता तसा एकदा हा रिपोर्टही बघा. नवी गाडी बुक करताना मायलेज, ईएमआय आणि फ्री हेल्मेट विचारतोच की आपण, तिथे हा प्रश्नही विचारा. सेल्समन गोंधळेल. गोंधळू दे.

आणि आता तो मोठ्या ऑर्डरवाला मुद्दा. आपल्यातला एकेक जण वर्षाला फार तर चार कँडल घेतो. पण हिंजवडी, तळवडे, खराडीतली एकेक कंपनी दर महिन्याला बर्थडे सेलिब्रेशनसाठी केकची घाऊक ऑर्डर देते. तिथे व्हेंडर असतो, काँट्रॅक्ट असतं, अप्रूव्हल असतं. अमेरिकन पोरांना युनिव्हर्सिटी होती, तशी आपल्याला ॲडमिन डिपार्टमेंट आहेत. तिथे काही जमलं नाही आणि दुकानात बिननावाचं पाकीट दिसलं, तर ग्राहकांसाठी १९१५ हा नॅशनल हेल्पलाइनचा नंबर आहे. मराठीतही बोलतात.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत टीम लीड आहे. तळवड्याचं सगळं तिला सांगितल्यावर तिनं केकच्या व्हेंडरला ऑफिशियल मेल टाकला, केकसोबत येणाऱ्या स्पार्कल कँडलच्या उत्पादकाचं नाव आणि पत्ता कळवावा. दोन दिवसांनी उत्तर आलं. 'डिअर मॅडम, कँडल इज कॉम्प्लिमेंटरी. नॉट पार्ट ऑफ बिल.'

तिनं त्याच मेलला रिप्लाय केलाय. या वेळी सीसीमध्ये ॲडमिन हेड आहेत.