रॅम्प म्हणे!
रविवारी बाबांना व्हीलचेअरवरून गावातल्याच एका संग्रहालयात नेलं. "रॅम्प आहे हो," तिकीटवाले काका म्हणाले. होता की... तीन पायऱ्यांवर टाकलेली फळी! घसरगुंडीच ती. अहो, हिशोब साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट उतार. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, मग अठरा फूट नकोत? २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींनाही नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम आले २०१७ मध्ये. म्हणजे डेडलाइन २०२२ लाच गेली! (आमचा मॅनेजर एक दिवसही देत नाही.) शेवटी चौघांनी बाबांना खुर्चीसकट उचललं. माणसं चांगली हो, पण बाबांना स्वतः चाकं ढकलत आत जायचं होतं. परतताना म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही पोरंच जाऊन या."