खेळ करणारे आणि खेळ विकणारे

गेल्या महिन्यांत निगडी प्राधिकरणांतील एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. घर तीन पिढ्यांचें. थोरले बंधु पिंपरीच्या मोटार-कारखान्यांत चौतीस वर्षें टूलरूममध्यें होते. धाकट्यांचें भोसरीस स्वतःचें लहानसें वर्कशॉप आहे. आणि थोरल्यांचा मुलगा पुण्यांतील एका कंपनींत व्हिडिओ गेमसाठीं चित्रें काढतो. मी गेलों त्या दिवशीं घरांत वाद पेटलेला होता. ही नोकरी सोडून तिघां मित्रांबरोबर आपण स्वतःचा खेळ तयार करणार, असें मुलानें सकाळीं चहाच्या वेळीं जाहीर केलें होतें, आणि आजींवांचून घरांतील सर्व माणसें त्याच्या विरुद्ध होतीं. आजींचा विरोध नव्हता याचें कारण निराळें. नातू दिवसभर खेळत बसतो आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो, अशीच त्यांची आजवर समजूत. तेव्हां असला पगार फार दिवस टिकणार नाहीं हें त्यांनीं पूर्वींच धरून ठेविलें होतें!

"काका, तुम्ही तरी यांना सांगा," मुलगा मला म्हणाला. "तीन वर्षें मी दुसऱ्यांच्या खेळांतील दगड, दरवाजे आणि ढाली रंगवितों आहें. कोणता दरवाजा कोठें लागणार, हें देखील कित्येकदां आम्हांला कळत नाहीं."

त्याचे चुलते ताडकन् म्हणाले, "मग मी तरी दुसरें काय करतों? पार्टी ड्रॉइंग पाठविते, मी त्याबरहुकूम पार्ट करून देतों. माझें नांव कोणत्या गाडीवर लागलें आहे आजपर्यंत?"

उत्तर मार्मिक होतें. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा सगळा पट्टा बव्हंशीं जॉबवर्कवर पोसला आहे. ड्रॉइंग दुसऱ्याचें, माप दुसऱ्याचें, माल परत करण्याचा अधिकारहि दुसऱ्याचा. आपला फक्त हात, आणि त्या हाताची सफाई. यांत कमीपणा मुळींच नाहीं. हजारों संसार यावर उभे राहिले आणि उत्तम कारागीर तयार झाले. परदेशी खेळांचें जें काम आपल्या देशांत येतें, त्याचाहि मोठा भाग याच जातीचा आहे: झाडें, शस्त्रें, भिंती काढणें, किंवा तयार खेळ पुनःपुन्हा खेळून त्यांतील चुका हुडकणें. फरक एवढाच कीं, बोल्टाला कोणी आपली कल्पना समजत नाहीं. चित्र काढणाऱ्याला मात्र आपलें चित्र आपलेंच वाटत असतें. नांवाचा प्रश्न तर या धंद्यांत जुनाच आहे. अमेरिकेंतील अटारी कंपनी खेळांवर कर्त्याचें नांव छापीत नसे. याच व अशाच कारणांनीं तिच्याकडील चार कुशल माणसें बाहेर पडलीं आणि त्यांच्या हातून १९७९ मध्यें ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली.

एकाच खेळाचें चरित्र पाहिलें तर हा धंदा कसा पालटला तें चांगलें ध्यानांत येतें. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ जॉर्डन मेक्नर या तरुणानें जवळजवळ एकट्यानें तयार केला. राजपुत्राचें धांवणें आणि उडी मारणें खरें वाटावें म्हणून त्यानें आपल्या धाकट्या भावाला धांवावयास लावून त्याचें चित्रण केलें, आणि त्यांतील एकेक चित्र गिरवून घेतलें. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर १९८९ मध्यें तो खेळ प्रसिद्ध झाला, आणि प्रारंभीं त्याला फारसें गिऱ्हाईकहि नव्हतें. पुढें तो जगभर गाजला, हक्क यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीकडे गेले, आणि २००३ मध्यें तिच्या मॉन्ट्रियल येथील शाखेनें त्याची नवी कथा काढली. याच कंपनीनें २००८ मध्यें पुण्यांतील गेमलॉफ्टची शाखा विकत घेतली होती. सप्टेंबर २०२० मध्यें त्या २००३ च्या खेळाचें नवें रूप पुणें आणि मुंबई येथील शाखा करीत आहेत, असें जाहीर झालें, तेव्हां आमच्या तरुण मंडळींना केवढा अभिमान वाटला! जॉबवर्क संपलें, सबंध गाडीच आपल्याकडे आली, असें त्यांस वाटलें. पण पहिलीं दृश्यें पाहून रसिकांनीं नाकें मुरडलीं, तारीख लांबत गेली, मे २०२२ मध्यें काम मॉन्ट्रियलकडे परत गेलें, आणि जानेवारी २०२६ मध्यें कंपनीनें तो प्रकल्पच रद्द केला. ज्यांनीं त्यांत आपलीं वर्षें घातलीं, त्यांचें काम कोणाच्याहि पाहण्यांत यावयाचें नाहीं. पुण्याकडून काम गेलें तें पुणेंकरांना जमलें नाहीं म्हणून, असें कोणी म्हणेल. परंतु मॉन्ट्रियलच्या हातींहि तें पुरें झालें नाहीं, हें विसरतां कामा नये.

मुलानें मात्र दुसरें उदाहरण पुढें केलें, आणि तें पुण्यांतीलच होतें. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा मंडळींनीं, श्रुती घोष, अविचल सिंग व इयान मॉड यांनीं, 'राजी' नांवाचा खेळ केला. सर्कशींत काम करणारी राजी ही मुलगी असुरांनीं पळविलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधावयास निघते आणि दुर्गा तिला शस्त्र देते, अशी कथा. राजस्थानी किल्ले व महाल, भिंतींवर पहाडी शैलीची आठवण देणारीं चित्रें, मधूनमधून छायाबाहुल्यांच्या रूपानें पुढें सरकणारी गोष्ट — हें सर्व पाहून मला तरी प्रथमच वाटलें कीं, या पडद्यांत आपल्या आजीच्या गोष्टींनाहि जागा आहे. पण पैसा? २०१७ मध्यें लोकांकडून वर्गणी मागण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. पुढें सिंग यांनीं राहता फ्लॅट विकून काम चालू ठेविलें, ही हकीकत प्रसिद्धच आहे. ऑगस्ट २०२० मध्यें खेळ प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर आला, ऑक्टोबरांत इतरत्र. आणि त्या वर्षाच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्यें उत्कृष्ट पदार्पणासाठीं नामांकनहि मिळालें. खेळ लहान आहे, शेवट अकस्मात् होतो, अशी टीका झाली, आणि ती खोटी नाहीं. हाताशीं आणखी दोन वर्षांचा खर्च असता तर, असें वाटल्यावांचून राहात नाहीं. संवाद आधीं इंग्रजी होते. हिंदींत ते आले २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तींत. हिंदुस्थानची कथा हिंदुस्थानांत झाली, पण विकावयाची ती प्रथम परदेशीं!

"म्हणजे घर विकायचें," वहिनी मधेंच म्हणाल्या, आणि क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं.

विकणारा माणूस शत्रु आहे असें मला वाटत नाहीं. प्रकाशकावांचून 'राजी' तरी घरोघर कशी पोंचली असती? प्रश्न आहे तो विकणारा कधीं येतो याचा. खेळ तयार झाल्यावर तो आला तर व्यापारी. खेळ आंखतांनाच शेजारीं येऊन बसला तर धनी. आजकालचे 'फुकट' खेळ या दुसऱ्या जातीचे. खेळणारा कोठें थकतो, कोठें चिडतो, कोणत्या पायरीवर पैसे टाकून पुढें जाईल, याची टिपणें रोज घेतलीं जातात आणि त्याप्रमाणें अडचण कमीजास्त केली जाते. कल्पकता तेथेंहि लागते. पण ती पेटीचें कुलूप घडविणाऱ्याची. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणारे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानें बंद झाले, हें योग्यच झालें. पण नुसता पोषाख नि तलवार विकणाऱ्या खेळांचा प्रश्न निराळा आहे, आणि घरांतील मुलें बहुधा तेच खेळतात.

आमच्या मोशीपासून आळंदी कितीशी दूर! मोक्षपटाचें कर्तृत्व परंपरेनें ज्ञानेश्वरांकडे दिलें आहे. जुन्या पटांवर घराघराला गुणदुर्गुणांचीं नांवें असत, आणि शिड्यांपेक्षां साप अधिक असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडांत पोंचला. मुलें हिरमुसूं नयेत म्हणून साप आणि शिड्या हळूहळू सारख्या झाल्या, मग नांवेंहि पुसलीं गेलीं, आणि मुख्य म्हणजे खप वाढला. आज आपलींहि मुलें तोच विलायती पट खेळतात.

हें सांगून झाल्यावर थोरले बंधु प्रथमच बोलले. "इंडिका १९९८ त निघाली तेव्हां आम्ही सर्वच हरखलों होतों. आपली गाडी! पुढें २०००-०१ सालीं कंपनीला पांचशें कोटींचा तोटा झाला. पण कंपनीजवळ ट्रक होते, त्यांनीं तो सोसला. तुझ्याजवळ ट्रक कोणता?"

मुलाला उत्तर सुचलें नाहीं. मलाहि नाहीं. बऱ्याच वेळानें असें ठरलें कीं, नोकरी तूर्त सोडूं नये. वर्षभरांत रात्रीं आणि सुटीच्या दिवशीं बसून खेळाचा पहिला भाग पुरा करावा. तो पाहून पुढील विचार. करारांत कंपनीनें फावल्या वेळच्या कामावर हक्क ठेविला आहे कीं काय, हें मात्र आधीं वकिलाकडून वाचून घ्यावें. हें कलम कितीएक तरुण न वाचतांच सही करतात, म्हणून मुद्दाम लिहितों.

निघतांना जिन्यांत भोसरीचे धाकटे बंधु पुतण्याला हळूच म्हणत होते, "वर्कशॉपवरचा माळा रिकामाच आहे. बसा तिथें. गुरुवारीं मात्र लाईट नसते."