दमसासाची पुंजी

१९७८ साली हवाईमधील ओआहू बेटावर १५ जणांनी एक विलक्षण पैज स्वीकारली. समुद्रात सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, मग १८० किलोमीटर सायकल आणि अखेरीस ४२.२ किलोमीटर धावणे, हे सारे एकाच दिवसात. त्यांपैकी १२ जणांनी ती पूर्ण केली. तीच पुढे ‘आयर्नमॅन’ शर्यत म्हणून जगभर पसरली. तिचे निम्म्या अंतराचे रूप २०१९ मध्ये गोव्यात आले, आणि दिवसभर पेढीवर बैठक असणारी चाळिशीतील माणसेही तिच्या तयारीला लागली.

यांतील अनेकांना खरे भय वाटते ते पाण्याचे. सायकलस्वार थकला तर घटकाभर थांबतो, धावणारा दमला तर चालू लागतो. भर पाण्यात मात्र पायाखाली जमीन नसते. शिवाय पूर्ण शर्यतीत साधारणतः २ तास २० मिनिटांत किनारा गाठला नाही, तर स्पर्धा तिथेच संपते आणि वर्षभराची मेहनत वाया जाते.

परंतु हिशेब मांडला की भय निवळते. ३,८०० मीटरला १४० मिनिटे, म्हणजे दर १०० मीटरला सुमारे ३ मिनिटे ४० सेकंद. ही गती मुळीच मोठी नव्हे. प्रश्न वेगाचा नसून टिकण्याचा आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते. डोके वर उचलले की पाय बुडतात आणि शरीर स्वतःच स्वतःला अडवू लागते. म्हणून आधी आडवे, सरळ तरंगणे साधावे. मगच अंतर वाढवावे. दुसरी गोष्ट श्वासाची. चेहरा पाण्यात असताना श्वास कोंडून धरणारा लवकर घाबरा होतो. जो पाण्यात संथपणे उच्छ्वास सोडत राहतो, त्याला तोंड वळवताच सहज श्वास घेता येतो.

मग आठवड्यातून तीन वेळा नेमाने सराव करावा. प्रारंभी १०० मीटरच्या १० फेऱ्या, मध्ये १५ ते २० सेकंदांची विश्रांती. पुढे २०० मीटरच्या ५, त्यानंतर ४०० मीटरच्या ३. पहिली आणि शेवटची फेरी जवळपास सारख्याच वेळेत झाली, तरच पुढची पायरी चढावी. अनेक महिन्यांत हे तुकडे जुळत जातात आणि एकसंध अंतर उभे राहते.

तलावाला भिंत असते, समुद्राला नसते. २५ मीटरच्या तलावात ३,८०० मीटर म्हणजे १५२ लांब्या. प्रत्येक वळणावर भिंतीचा रेटा मिळतो. समुद्रात तो आधार नाही, उलट लाटा आणि प्रवाह असतात. तेथे दर आठ-दहा हातांनी डोळे किंचित वर काढून दिशा पाहावी लागते. हा सराव एकट्याने कधीही करू नये. सोबत जाणकार असावा, डोक्यावर भडक रंगाची टोपी असावी आणि कमरेला तरंगता फुगा बांधलेला असावा. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर त्याच क्षणी थांबून मदत मागावी. चाळिशीपुढे तर सरावापूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

पोहताना पाय मंद चालवावेत, कारण पुढचे १८० किलोमीटर त्यांच्याच भरवशावर असतात. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगणे नलगे. पहिल्याच सौद्यात सारे भांडवल गुंतवणारा उरलेला बाजार नुसता पाहत राहतो. गाठीशी शिल्लक राखून पाण्याबाहेर येणाऱ्यासाठी मात्र पुढचा रस्ता खुला असतो.