शाळेची इमारत आणि परवानग्यांची साखळी : कुंभकोणमने विचारलेला प्रश्न

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम शहरी, १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेला दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. चौकशी आयोगाचा अहवाल आला, खटल्याचा निकाल लागला, सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळांसाठी निर्देश दिले. तथापि त्या दिवशी उपस्थित झालेला मूळ प्रश्न पुरता सुटलेला नाही. शाळेची इमारत मुलांसाठी योग्य आहे, हे अखेर कोणी ठरवायचे आणि तो निर्णय चुकल्यास उत्तर कोणी द्यायचे, हा तो प्रश्न होय. धोकादायक शाळा पाडून नव्या बांधण्याचे निर्णय ठिकठिकाणी वादग्रस्त ठरत असताना या प्रश्नाला नवे महत्त्व आले आहे.

एक इमारत, तीन शाळा

कुंभकोणमच्या त्या आवारात एकाच व्यवस्थापनाच्या तीन शाळा भरत होत्या. माध्यान्ह भोजन शिजवले जात असताना आग लागली आणि झावळ्यांच्या छपरामुळे ती पाहता पाहता वरच्या मजल्यावरील वर्गांपर्यंत पोहोचली. जिना अरुंद होता. मृत्युमुखी पडलेली मुले प्राथमिक वर्गांतील होती.

या शाळेकडे कागदपत्रे नव्हती असे नाही. ती मान्यताप्राप्त होती आणि तिचा एक भाग शासकीय अनुदानावर चालत होता. दाट वस्तीतील एका इमारतीत तीन शाळा, गवती छप्पर आणि पेटती चूल एकत्र असणे कोणापासून लपून राहण्यासारखे नव्हते. याचाच अर्थ असा, की परवानगी देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने आपल्यापुरता भाग पाहिला आणि संपूर्ण चित्र पाहणे हे कोणाचेच काम उरले नाही.

परवानगी कोणाची?

तमिळनाडूत शाळेच्या इमारतीला अनेक दारे ओलांडावी लागतात. बांधकामाचा नकाशा १९७१ च्या नगररचना कायद्याच्या चौकटीत मंजूर होतो. इमारतीच्या मजबुतीचे प्रमाणपत्र अभियंता देतो. त्या आधारे १९६५ च्या सार्वजनिक इमारत परवाना कायद्याखाली तहसीलदार परवाना देतात. अग्निशमन दल ना हरकत प्रमाणपत्र देते, आरोग्य अधिकारी स्वच्छतेचा दाखला देतात आणि हे सर्व कागद जोडल्यावर शिक्षण खाते शाळेला मान्यता देते.

कागदावर ही साखळी भक्कम दिसते. व्यवहारात मात्र प्रत्येक कडी आधीच्या कडीवर विसंबून राहते. तहसीलदार अभियंत्याच्या सहीवर विश्वास ठेवतात, शिक्षण खाते तहसीलदारांच्या परवान्यावर, तर स्थानिक संस्था नकाशा मंजूर करून मोकळी होते. नकाशात नसलेली शेड पुढे उभी राहिली किंवा एका शाळेच्या जागेत आणखी दोन शाळा सुरू झाल्या, तर ती नोंद कोणत्या नस्तीत व्हावी, हे स्पष्ट राहत नाही.

खटल्याच्या निकालातही या विखुरलेल्या जबाबदारीचे प्रतिबिंब दिसते. तंजावरच्या सत्र न्यायालयाने ३० जुलै २०१४ रोजी १० जणांना दोषी ठरवले आणि ११ जणांची मुक्तता केली. दोषींमध्ये शाळेचे संस्थापक, मुख्याध्यापिका व भोजन व्यवस्थेतील कर्मचारी यांच्यासह शिक्षण खात्याचे कर्मचारी आणि एक अभियंता होते. कुंभकोणम नगरपालिकेचे तत्कालीन आयुक्त व नगररचना अधिकारी निर्दोष सुटले. पुढे २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संस्थापकाची जन्मठेप रद्द करून शिक्षा भोगलेल्या काळापुरती मर्यादित केली आणि अन्य काही आरोपींना मुक्त केले.

फौजदारी कायद्यात व्यक्तीचा अपराध सिद्ध व्हावा लागतो आणि ते योग्यच आहे. परंतु एखादा अधिकारी अपराधी नव्हता, याचा अर्थ व्यवस्था निर्दोष होती असा होत नाही. नियोजनातील चूक ही बहुधा अनेकांच्या थोड्याथोड्या दुर्लक्षाची बेरीज असते. न्यायालयाच्या निकालाने ती दुरुस्त होण्याला मर्यादा आहेत.

नियम आणि सवलत

कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार इमारत सुरक्षित असल्याची खात्री झाल्याखेरीज शाळेला मान्यता देऊ नये आणि चालू असलेल्या शाळांनी सहा महिन्यांत अग्निशमन साधने बसवावीत, असे निर्देशही दिले. त्याच वर्षी संसदेने संमत केलेल्या शिक्षण हक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हा मान्यतेचा निकष ठरवला.

तमिळनाडूने शाळेसाठी किमान जागेचे निकषही लागू केले. महापालिका हद्दीत सहा ग्राउंड, म्हणजे सुमारे १४ हजार ४०० चौरस फूट, तर ग्रामपंचायत हद्दीत तीन एकर जागा आवश्यक मानली गेली. जुन्या वस्त्यांमधील शेकडो खासगी शाळांना हे निकष पूर्ण करता आले नाहीत. शाळा बंद केल्या तर विद्यार्थी जाणार कोठे, या चिंतेपोटी शासनाने तात्पुरत्या मान्यतेला वेळोवेळी मुदतवाढ दिली. प्रशासनापुढील ही अडचण खरी होती. तथापि सवलतीचे दरवर्षी नूतनीकरण होऊ लागले, की अपवाद हाच नियम बनतो आणि असुरक्षित इमारत कायदेशीर ठरते.

पाडण्याचा निर्णय

या प्रश्नाची दुसरी बाजू गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे. तिरुनेलवेली येथील एका शाळेत १७ डिसेंबर २०२१ रोजी स्वच्छतागृहाची भिंत कोसळून तीन विद्यार्थी दगावले. त्यानंतर राज्य सरकारने मोडकळीस आलेल्या शाळा इमारती शोधून पाडण्याचे आदेश दिले आणि २०२२ मध्ये शासकीय शाळांच्या बांधकामांसाठी पाच वर्षांत ७ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ रोजी शाळेचे छत कोसळून सात मुलांचा बळी गेला. जीर्ण इमारत वेळेवर पाडली न गेल्यास काय होते, याचे हे उदाहरण होय.

परंतु पाडण्याचा निर्णयही निःशंकपणे स्वीकारला जातो असे नाही. मुंबईत माहीम येथील महापालिका शाळेची इमारत धोकादायक ठरवण्यात आली, तेव्हा २०२५ मध्ये पालक आणि मराठी शाळांसाठी काम करणारे कार्यकर्ते विरोधात उभे राहिले. इमारत दुरुस्त होऊ शकते का, पाडल्यावर त्याच जागी शाळाच उभी राहील का, असे त्यांचे प्रश्न होते. मुंबई महापालिका स्ट्रक्चरल ऑडिटनंतर इमारतींची सी-१, सी-२ व सी-३ अशी वर्गवारी करते. सी-१ म्हणजे पाडण्यायोग्य. ही दोन अक्षरे शाळेचे भवितव्य ठरवतात, पण त्यामागील तपासणी पालकांसमोर मांडली जातेच असे नाही.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. विकास आराखड्यातील शाळेचे आरक्षण बदलायचे असेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार हरकती व सूचना मागवाव्या लागतात. तीच शाळा धोकादायक ठरवून पाडायची असेल, तर तशी जाहीर सुनावणी होत नाही. तातडी हे त्याचे कारण आहे. परंतु या तातडीत नव्या शाळेची हमी राहून जाते.

सभागृहाविना निर्णय

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरनियोजन, बांधकाम नियंत्रण व अग्निशमन हे विषय नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची तरतूद केली. या विषयांवर लोकप्रतिनिधींनी उघड सभेत निर्णय घ्यावेत, हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात तमिळनाडूतील नागरी संस्थांची मुदत २०१६ मध्ये संपल्यानंतर निवडणुका फेब्रुवारी २०२२ मध्ये झाल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. या काळात विशेष अधिकारी व प्रशासकांनी कारभार पाहिला. शाळा ठेवायची की पाडायची, हा निर्णय ज्या सभागृहात व्हावा ते सभागृहच अस्तित्वात नव्हते. माहीमचा वाद याच काळातला आहे.

मराठी वाचकांना तंजावर परिचित आहे ते भोसले घराण्याची राजधानी म्हणून. सरफोजीराजांच्या काळात तेथील छत्रांमध्ये अन्नदान, निवास, औषधोपचार आणि अध्यापन एकाच कारभाराखाली चालत असे. ती राजेशाहीची व्यवस्था होती आणि ती पुन्हा आणता येणार नाही. मात्र मुलांचे जेवण, छप्पर आणि शिक्षण यांची जबाबदारी एका ठिकाणी एकत्र पाहता येते, एवढे त्यातून दिसते.

लोकशाहीत ते काम निर्वाचित स्थानिक संस्थेचे आहे. प्रत्येक शाळा इमारतीसाठी एकच उत्तरदायी अधिकारी असणे, तपासणीचा अहवाल शाळेच्या दर्शनी भागी लावणे, तात्पुरत्या सवलतीला अंतिम तारीख असणे आणि पाडकामाच्या आदेशातच पर्यायी वर्ग कोठे भरतील व नवी इमारत केव्हा उभी राहील हे नमूद करणे, यासाठी फारसा खर्च येत नाही. कुंभकोणममध्ये धोका डोळ्यांसमोर असताना शाळा चालू राहिली. माहीमसारख्या वादांत शाळाच नाहीशी होईल अशी भीती आहे. दोन्ही ठिकाणी निर्णय कागदावर झाला आणि ज्यांच्या मुलांसाठी तो होता त्यांना तो कागद आधी दाखवला गेला नाही. सुरक्षिततेचे नियम देशात आता पुरेसे आहेत. उणीव आहे ती त्या नियमांखाली नावानिशी सही करून उत्तर देणाऱ्याची.